उपचार मुलाचे, तयारी पालकांची

आठवीतल्या मुलाचे सोमवारी सकाळी पोट दुखू लागते. मंगळवारी उलटीची भावना होते, बुधवारी डोके जड होते आणि शनिवारी दुपारी शाळा सुटण्याची वेळ टळली की सारे काही आपोआप बरे होते. फॅमिली डॉक्टर रक्त-लघवी तपासतात, सोनोग्राफी होते, सगळे अहवाल नॉर्मल येतात. मग डॉक्टर एका मानसोपचारतज्ज्ञाचे नाव चिठ्ठीवर लिहून देतात. ही चिठ्ठी बहुतेक घरांत काही महिने तशीच पडून राहते. आजी दृष्ट काढते, वडील ‘नाटके पुरे’ म्हणतात, आई वर्गशिक्षिकेला भेटून येते, कोणी तरी नवा क्लास सुचवते. तोवर शाळा बुडाल्याने अभ्यास मागे पडलेला असतो आणि अभ्यास मागे पडल्याने शाळेची भीती दुणावलेली असते.

मुलाला अखेर तिथे नेले जाते, तेव्हा घरातल्यांना वाटते की अवघड काम संपले; आता पुढचे तज्ज्ञ बघतील. वास्तविक मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसोपचारांत पहिले दीड-दोन महिने फार नाजूक असतात. उपचार रुजतात किंवा सुटतात ते याच काळात. मुलाला आपण कुठे चाललो आहोत हे कसे सांगितले गेले, पहिल्या भेटीनंतर परतीच्या वाटेवर त्याला काय विचारले गेले, थोडे बरे वाटताच घरच्यांनी काय केले, अशा साध्या भासणाऱ्या गोष्टींवर बरेच काही ठरते. त्या जवळजवळ सगळ्या पालकांच्या हातात असतात.

हा प्रश्न मोजक्या घरांचा नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. महानगरांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे वाक्य या संदर्भात हमखास ऐकू येते. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या ‘टिस’ने, बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले ते १९३७ साली. आजच्या आजी-आजोबांच्या जन्माआधीची ही गोष्ट आहे.

कोणाकडे जायचे?

इथे पहिला घोळ आपल्या भाषेनेच घातला आहे. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द मराठीत औषधे देणाऱ्या डॉक्टरांसाठीही वापरतात आणि बोलण्यातून उपचार करणाऱ्यांसाठीही. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याला असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो. मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर त्याने चिकित्सा मानसशास्त्राचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असते आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे त्याची नोंदणी असते. बुद्ध्यांक वा अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या आणि विविध मानसोपचार पद्धती हे त्याचे क्षेत्र. ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र मोकळा आहे. समाजकार्यात किंवा मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन वर्षानुवर्षे मुलांसोबत काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत, तसेच काही आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमानंतर दारावर पाटी लावणारेही आहेत.

त्यामुळे पहिल्या फोनवरच शिक्षण कोणते, नोंदणी क्रमांक काय, या वयाच्या मुलांसोबत किती काम केले आहे, गरज पडली तर कोणत्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता, हे विचारून घेण्यात संकोच नको. हाडाच्या डॉक्टरला आपण पदवी विचारत नाही, कारण ती पाटीवर असते. इथे ती विचारावी लागते. या प्रश्नांनी जो रागावतो त्याच्याकडे न गेलेलेच बरे.

त्याआधी बालरोगतज्ज्ञाची एक भेट मात्र चुकवू नये. कमी ऐकू येणारे मूल ‘लक्ष देत नाही’ असे ठरते, रक्तक्षय किंवा थायरॉइडचा त्रास असलेली मुलगी ‘आळशी’ ठरते. अभ्यासातल्या अडचणीमागे अध्ययन अक्षमता असेल, तर नुसत्या समुपदेशनाने काहीच साधत नाही. तिचे निदान, विशेष शिक्षण आणि परीक्षेत मिळणाऱ्या सवलती हा वेगळा मार्ग आहे.

मुलाला काय सांगायचे?

पालक सर्वाधिक चुकतात ते इथे. ‘आईच्या मैत्रिणीकडे जाऊ या’, ‘अभ्यासाच्या टिप्स देणाऱ्या एका मॅडम आहेत’, ‘येताना पिझ्झा खाऊ’ असे सांगून मुलाला नेले जाते. दारावरची पाटी वाचता येणाऱ्या मुलाला पाच मिनिटांत सारे कळते आणि मग समोर बसलेली व्यक्तीही त्या फसवणुकीत सामील ठरते. तिच्याशी मोकळेपणाने बोलायचे कसे? पहिली दोन-तीन सत्रे हा अविश्वास दूर करण्यातच जातात.

दुसरा प्रकार त्याहून घातक. ‘नीट वागला नाहीस तर मेंटलच्या डॉक्टरकडे नेईन’ ही धमकी अनेक घरांत रागाच्या भरात सहज दिली जाते. सहा महिन्यांनी खरोखरच नेण्याची वेळ येते, तेव्हा मुलाच्या लेखी ती शिक्षा असते.

खरे सांगावे, थोडक्यात सांगावे आणि भांडण झाल्या झाल्या सांगू नये. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढे पुरते : ‘तुला रात्री भीती वाटते ना, झोप लागत नाही. मुलांच्या अशा त्रासाविषयी ज्यांना कळते अशा एक ताई आहेत. त्या सुई टोचत नाहीत. तिथे चित्रे काढायची, खेळायचे, बोलायचे. मी बाहेर बसलेली असेन.’ सुईचा उल्लेख मोठ्यांना गमतीचा वाटेल. लहान मुलांच्या मनात मात्र ‘डॉक्टर’ या शब्दापाठोपाठ पहिला प्रश्न तोच येतो.

पंधरा वर्षांच्या मुलीशी अर्थातच वेगळे बोलावे लागते. ‘तुझ्यात काही तरी बिघडले आहे’ असा सूर लागला की दार बंद होते. त्याऐवजी पालकांनी स्वतःच्या नजरेला जे दिसले तेच सांगावे : ‘गेले दोन महिने तू जेवताना बोलत नाहीस, मैत्रिणींकडे जाणे बंद केले आहेस. मला काळजी वाटते आणि कशी मदत करावी हे मला उमजत नाही. आपण दोघी एकदा जाऊन बघू. तुला त्या बाई आवडल्या नाहीत तर दुसऱ्या शोधू.’ पसंती-नापसंतीचा हा अधिकार मनापासून द्यायला हवा. समुपदेशक पुरुष हवा की स्त्री, संध्याकाळची वेळ हवी की रविवारची, मराठीत बोलायचे की इंग्रजीत, हे किशोरवयीन मुलांना ठरवू द्यावे. इंग्रजी शाळेतली अनेक मुले मनातले इंग्रजीत बोलतात, तर काहींना रडू फक्त मराठीतच येते.

आणि साफ नकार मिळाला तर? ओढत नेऊन उपयोग नाही. अशा वेळी पालकांनी आधी एकट्याने जाऊन समुपदेशकाला भेटावे. मुलाशी घरात कसे बोलायचे याची दिशा तिथे मिळते आणि कित्येकदा ‘आई-बाबा स्वतः जात आहेत’ हे पाहून मूल महिन्याभरात तयार होते. ‘तीन वेळा येऊन बघ, मग तू ठरव’ असा करारही पुष्कळदा मान्य होतो. मात्र तिसऱ्या वेळेनंतर मुलाने ‘नाही’ म्हटले तर तो नकार पाळावा लागतो, नाही तर पुढचा करार होत नाही.

पहिल्या भेटीत

बरीचशी पहिली भेट पालकांच्याच चौकशीत जाते. गरोदरपण कसे गेले, प्रसूती वेळेवर झाली का, मूल कधी चालू-बोलू लागले, शाळा किती बदलल्या, झोप किती, मोबाइल किती, घरात कोणाला नैराश्य वा व्यसन होते का, नवरा-बायकोत कसे आहे. शेवटच्या प्रश्नावर बहुतेकजण अवघडतात. ‘आम्ही मुलाला घेऊन आलो आहोत, आमचे कशाला?’ असा भाव चेहऱ्यावर उमटतो. पण घरातल्या ताणाचा पहिला पत्ता मुलाच्या पोटदुखीतच लागतो, हे या क्षेत्रातील कोणीही सांगेल. जाताना प्रगतिपुस्तके, जुने वैद्यकीय अहवाल आणि वह्या सोबत न्याव्यात. वहीतले अक्षर कधी बिघडू लागले, यावरूनही काही उमगते.

निदानाची घाई पहिल्याच दिवशी करू नये आणि तज्ज्ञाने केली तर जरा सावध व्हावे. अंदाज बांधायला सहसा दोन ते तीन भेटी लागतात. लहान मुलांबाबत तर पालकांना कोडेच पडते, कारण खोलीत खेळणी, बाहुल्या, वाळूचा ट्रे आणि रंग असतात. ‘एवढी फी देऊन हा नुसता खेळतो?’ असा प्रश्न येतोच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली खेळातून उपचारांवर पुस्तक लिहिले, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुजली आहे. सहा वर्षांच्या मुलाला ‘तुला कशाची चिंता वाटते?’ असे विचारून उत्तर मिळत नाही. पण तो बाहुलीला रोज कपाटात कोंडतो, तेव्हा तो काही सांगत असतो.

मोठ्या मुलांबाबत चिंता आणि नैराश्यासाठी बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, बराच वापरला जातो. मनात येणारा विचार, त्यातून उठणारी भावना आणि त्यामुळे होणारी कृती यांची साखळी मुलाला ओळखायला शिकवायची आणि टाळलेल्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे न्यायचे, हे त्याचे सूत्र. शाळेत न जाणाऱ्या आठवीतल्या मुलाला पहिल्या आठवड्यात फक्त गणवेश घालून फाटकापर्यंत जायचे असते. मग एक तास ग्रंथालयात, मग आवडीचे दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. इथे शाळेचे सहकार्य लागते. फाटकापर्यंत आलेल्या मुलाला पर्यवेक्षकांनी ‘आज कसा काय उगवलास?’ म्हटले, तर पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते.

औषधांची भीती

‘गोळ्या नकोत, फक्त समुपदेशन करा’ ही अट घालूनच अनेक पालक येतात. सौम्य त्रासात बहुधा औषधांची गरज पडतही नाही. पण सरसकट नकारही शहाणपणाचा नव्हे. अमेरिकेत ७ ते १७ वर्षे वयाच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर सीबीटी घेणाऱ्यांपैकी ५९.७ टक्के, सर्ट्रालिन हे औषध घेणाऱ्यांपैकी ५४.९ टक्के, दोन्ही एकत्र मिळालेल्यांपैकी ८०.७ टक्के, तर औषधाचा भास असलेली निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी २३.७ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली.

याची दुसरी बाजूही माहीत हवी. नैराश्यावरील औषधांमुळे काही लहान व किशोरवयीन रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे चार टक्के, तर निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांपैकी दोन टक्के मुलांत असे विचार वा वर्तन आढळले होते. मृत्यू मात्र एकही नव्हता. म्हणून औषध सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलतानाचे दिवस मुलावर बारीक लक्ष ठेवावे, अस्वस्थपणा वाढला तर लगेच डॉक्टरांना कळवावे आणि गोळ्या स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नयेत.

‘काय बोललास आत?’

सत्र संपते. रिक्षात बसताक्षणी आई विचारते, ‘काय बोललास आत? आमच्याबद्दल काही सांगितलेस का?’ प्रश्न मायेपोटीच आलेला असतो. पण आत बोललेले बाहेर द्यावे लागते हे मुलाला तेवढ्यात समजते आणि पुढच्या आठवड्यात ते समुपदेशकाशी क्रिकेटवर गप्पा मारून परत येते. पालकांना वाटते, काहीच घडत नाही. घडत नसतेच, पण का ते त्यांच्या लक्षात येत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा हक्क मानला आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालक हे कायद्याने त्याचे नामनिर्देशित प्रतिनिधी असतात. त्यामुळे निदान काय, उपचार कोणते, धोका काय, ही आवश्यक माहिती त्यांना मिळते. मात्र मुलीने कोणत्या मैत्रिणीविषयी काय सांगितले, बाबांच्या कोणत्या बोलण्याचा तिला राग आला, हे शब्दशः बाहेर येत नाही आणि येऊ नये.

या गोपनीयतेला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच सत्रात मुलाला, पालकांसमक्ष, सांगितल्या जायला हव्यात. मूल स्वतःच्या जिवाला अपाय करण्याचा विचार करत असेल किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर पालकांना सांगितले जाते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. यात समुपदेशकाला सूट नाही. ही चौकट आधी न सांगता नंतर अचानक वापरली गेली, तर मुलाचा विश्वास कायमचा तुटतो. समुपदेशकाने आपणहून सांगितले नाही, तर पालकांनी विचारून घ्यावे.

मग परतीच्या वाटेवर बोलायचे काय? भूक लागली का, एवढे विचारले तरी पुष्कळ. मूल आपणहून काही बोलले तर ऐकावे. सल्ला देऊ नये. स्वतःच्या शंका पालकांसाठी ठरवलेल्या वेळी समुपदेशकालाच विचाराव्यात. साधारण दर चार-पाच सत्रांनंतर अशी वेळ मिळावी, हे आधीच ठरवून घेतलेले बरे. मुलाची डायरी वा मोबाइल चोरून वाचून त्यातला मजकूर समुपदेशकाला पोहोचवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. नातेवाइकांना काय सांगायचे, हेही मुलालाच विचारावे. दिवाळीच्या फराळाच्या ताटावर आत्याने ‘तुझे ते कौन्सेलिंग कसे चालले आहे?’ असे विचारणे कोणत्या मुलाला सोसेल?

खर्च, वेळ आणि धीर

खासगी फी दर आठवड्याला देणे अनेक मध्यमवर्गीय घरांना जड जाते. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते आणि केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. तिथे गर्दी आणि प्रतीक्षा असते, हे मात्र गृहीत धरावे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकारातून १९९० मध्ये सुरू झालेली ‘आयपीएच’ ही संस्था याच क्षेत्रात काम करते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. ती चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येते. मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. पण बहुतेक पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्याचाच खर्च देत असल्याने दर आठवड्याच्या सत्रांचे पैसे बहुधा खिशातूनच जातात.

शाळेतही वाट उघडू लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा. शाळेत चौकशी करताना पालकांनी याचा उल्लेख जरूर करावा.

पैशांपेक्षाही उपचार सुटतात ते बहुतेक दोन प्रसंगी. एक, मूल तीन आठवडे हसून-खेळून राहते आणि घरच्यांना वाटते, झाले बरे. दोन, सहामाही येते आणि समुपदेशनाच्या वेळेवर क्लासची जादा बॅच येऊन बसते. दहावीच्या वर्षी तर ‘मार्चनंतर बघू’ हे ठरलेले उत्तर. ज्या मुलाला परीक्षेचीच भीती आहे, त्याच्या बाबतीत हे उत्तर किती उफराटे आहे हे वेगळे सांगायला नको.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीला चिडचिड वाढू शकते, कारण आजवर गप्प बसलेले मूल बोलू लागलेले असते. सहा-आठ सत्रांनंतरही झोप, जेवण, शाळा, मित्र यांपैकी कशातच फरक नसेल, तर समुपदेशकाशी स्पष्ट बोलावे. पद्धत बदलावी लागेल किंवा व्यक्ती. मात्र दर महिन्याला नवा तज्ज्ञ गाठणे मुलाला थकवते. प्रत्येक नव्या खोलीत तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची असते.

एका परिस्थितीत यातले कोणतेही वेळापत्रक लागू होत नाही. मूल मरणाविषयी बोलू लागले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. ‘तुला जगणे नकोसे वाटते का?’ असे थेट विचारल्याने ते मुलाच्या डोक्यात भरते, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुधा मुलाला सुटल्यासारखे वाटते.

ठीक चाललेले उपचार एका झटक्यात संपत नाहीत. आठवड्याची सत्रे पंधरवड्यावर, मग महिन्यावर जातात. शेवटचे सत्र कधी, हे मुलाला काही आठवडे आधी माहीत असते आणि त्या दिवशी पुन्हा त्रास झाला तर काय करायचे, कोणाला फोन करायचा, हे त्याच्याच अक्षरात लिहून घेतले जाते. शाळेच्या भीतीने आलेल्या मुलांना बरेच तज्ज्ञ जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा पुन्हा बोलावतात. सुट्टीनंतरचा पहिला सोमवार त्यांना सर्वांत अवघड जातो.